हंटर थॉम्पसन वाचायचा, तर कुठून?

हंटर एस. थॉम्पसन हा अमेरिकन लेखक वाचायचा म्हटलं की बहुतेकांच्या हातात आधी पडतं ते ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास’. जॉनी डेपचा 1998चा सिनेमा पाहिलेला असतो आणि पुस्तकही दोनशेच पानांचं आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच होते. मग पन्नास-साठ पानांत दोनपैकी एक गोष्ट घडते. नशेत तर्र दोन माणसं हॉटेलच्या खोल्यांची नासधूस करत सुटली आहेत, यापलीकडे वाचकाला काही दिसत नाही आणि तो पुस्तक मिटून ठेवतो. किंवा तो भलताच खूश होतो आणि थॉम्पसन म्हणजे गोळ्या, दारू आणि बंदुका एवढंच डोक्यात घेऊन बसतो. खरा लेखक दोघांच्याही हातून निसटतो.

थॉम्पसन आधी बातमीदार होता. 1937 साली केंटकीतल्या लुईव्हिल गावी जन्मलेल्या या माणसाने हवाई दलाच्या तळावरच्या वृत्तपत्रात क्रीडापान सांभाळलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेतून ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’साठी बातमीपत्रं पाठवली आणि सरकारी अहवाल ओळीओळीने तपासायची सवय लावून घेतली. पुढचा सगळा धिंगाणा त्या पायावर उभा आहे. पाया न पाहता वरचा मजला पाहिला तर तो अधांतरी वाटणारच. म्हणून व्हेगास चौथं वाचा. आधी केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवरचा लेख, मग ‘हेल्स एंजल्स’, मग रुबेन सालाझार या पत्रकाराच्या मृत्यूवरचा लेख, मग व्हेगास, आणि दम असेल तर 1972च्या निवडणुकीवरचं पुस्तक.

एवढ्यासाठी कपाट भरायची गरज नाही. ‘हेल्स एंजल्स’ स्वतंत्र घ्या. व्हेगाससाठी मॉडर्न लायब्ररीची 1996ची एकत्रित आवृत्ती शोधा: ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास अँड अदर अमेरिकन स्टोरीज’. तिच्यात व्हेगासबरोबर डर्बीचा लेख, सालाझारचा लेख आणि व्हेगासच्या वेष्टनासाठी त्याने लिहिलेला मजकूरही आहे. म्हणजे पाचपैकी चार टप्पे दोन पुस्तकांत उरकतात. ‘द ग्रेट शार्क हंट’ हा 1979चा सहाशेच्या आसपास पानांचा लेखसंग्रह उत्तम आहे, पण तो पहिल्या पानापासून सलग वाचायला घेऊ नका. लेख कालक्रमाने लावलेले नाहीत, आणि वॉटरगेटवरचे लेख लिहिताना वाचकाने सकाळचं वर्तमानपत्र वाचलेलंच आहे असं तो धरून चालतो. हवा तो लेख काढून वाचायचं पुस्तक आहे ते.

एका बैठकीत: डर्बी

‘द केंटकी डर्बी इज डेकडंट अँड डिप्रेव्ड’ हा लेख जून 1970च्या ‘स्कॅनलन्स मंथली’त आला. वीसेक पानं आहेत. मधे उठू नका.

लुईव्हिलची घोड्यांची शर्यत हे लेखाचं निमित्त. थॉम्पसन आणि इंग्लंडहून आलेला चित्रकार राल्फ स्टेडमन या दोघांचं हे पहिलंच एकत्र काम. लेखात शर्यत जवळजवळ नाहीच. थॉम्पसन प्रेक्षकांत एक चेहरा शोधतोय: पैसा, दारू आणि घराण्याचा माज यांनी सुजलेला, त्या गावातल्या बड्या लोकांचा खास चेहरा. तो सापडला की स्टेडमन त्याचं चित्र काढणार. चेहरा शेवटी कुठे सापडतो ते इथे सांगत नाही, कारण लेखाचं सगळं बळ त्या एका जागी आहे.

हा लेख दोनदा वाचावा. पहिल्यांदा नुसता वेगात. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन दोन गोष्टींवर खुणा करा. प्रत्यक्ष शर्यतीला किती ओळी मिळाल्या आहेत? आणि बाहेरच्या जगाच्या बातम्या कुठे कुठे डोकावतात? कंबोडियावरचे बॉम्बहल्ले आणि केंट स्टेट विद्यापीठातला गोळीबार, दोन्ही त्याच आठवड्यातले. शर्यत 2 मे 1970ची, केंट स्टेटचा गोळीबार 4 मेचा. या बातम्या लेखाच्या कडेकडेने आत शिरतात आणि गर्दीतल्या त्या चेहऱ्यांना वेगळाच अर्थ येतो.

शेवटाकडे वाक्यं तुटतात, वहीतल्या टिपणांसारखी होतात. ती टिपणंच आहेत. लेख वेळेत पुरा होईना, तेव्हा वहीची पानं फाडून छापायला दिली गेली. थॉम्पसनला वाटत होतं की आपली अब्रू गेली. उलट बिल कार्डोसो या पत्रकार मित्राने लेख वाचून ‘हा तर अस्सल गॉन्झो’ अशी दाद दिली, आणि लेखक स्वतःच पात्र होऊन बातमीत उतरतो अशा या पत्रकारितेला तेव्हापासून हे नाव चिकटलं. इथे एक गैरसमज होतो: घाईघाईत, पिऊन, जे सुचेल ते लिहिलं की असं होतं. होत नाही. हे त्याचं स्वतःचं गाव होतं. ज्या लोकांकडे तो बोट दाखवतोय त्यांच्यातच तो वाढला होता. तयारी तीसेक वर्षांची होती, घाई फक्त शेवटच्या दिवसांची.

पाया: ‘हेल्स एंजल्स’

साधारण पावणेतीनशे पानं. रोज पंचवीस पानं वाचली तर दीड आठवडा. या यादीतलं हे सर्वांत सरळ पुस्तक आहे आणि आमच्या मते सर्वांत कमी लेखलं गेलेलंही.

1964च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीवर बलात्काराचे आरोप झाले. पुढच्या वर्षी राज्याचे ॲटर्नी जनरल थॉमस लिंच यांचा अहवाल आला, मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि साप्ताहिकांनी तो उचलला आणि देशभर भीती पसरली. ‘द नेशन’चे संपादक कॅरी मॅकविल्यम्स यांनी थॉम्पसनला यावर लिहायला सांगितलं. लेख 17 मे 1965च्या अंकात आला आणि त्यातून पुस्तक उभं राहिलं. त्यासाठी तो वर्षभर त्या टोळीच्या संगतीत राहिला.

सुरुवातीची प्रकरणं चाळून पुढे पळायचा मोह होईल, कारण मारामाऱ्या पुढे आहेत. तसं करू नका. थॉम्पसनची खरी पद्धत या पहिल्या भागातच उघडी दिसते. तो अहवालातलं विधान घेतो, त्याशेजारी वर्तमानपत्रात छापलेलं विधान ठेवतो, मग पोलिसांच्या नोंदी आणि खटल्यांचे निकाल काय म्हणतात ते पाहतो. एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: अहवाल, वर्तमानपत्र, थॉम्पसनला सापडलेलं. चाळीसेक पानांत कळतं की टोळीचा एवढा मोठा बागुलबुवा उभा केला तो बऱ्याच अंशी छापील शब्दाने. लगेच उलट्या टोकाला जाऊन टोळीला निर्दोष समजू नका, थॉम्पसन तसं म्हणत नाही. ही माणसं हिंसक आहेत, आणि त्यांच्याविषयी छापून आलेलं बरंचसं खोटं आहे. दोन्ही विधानं तो शेवटपर्यंत एकत्र धरतो, आणि पुस्तकाची ताकद त्यात आहे.

एक सूचना आधीच. कादंबरीकार केन केसीच्या ला होंडामधल्या घरी झालेल्या पार्टीच्या वर्णनात एका स्त्रीवरच्या सामूहिक अत्याचाराचा प्रसंग आहे. तो ज्या अलिप्त नजरेने लिहिलाय ती आज वाचवत नाही, आणि वाचवू नये. बलात्कारावरचं त्याचं एकंदर विवेचनही डळमळीत आहे. पानं गाळण्यापेक्षा तिथे थांबून लेखकाला जाब विचारत वाचलेलं बरं. साक्षीदार म्हणून उभा असलेला बातमीदार कधी आणि का गप्प बसतो, हा प्रश्न त्याच्या पुढच्या सगळ्या लेखनाला लागू पडतो.

पुस्तक संपलंसं वाटलं तरी शेवटचा छोटा भाग सोडू नका. रात्री एकट्याने मोटरसायकल हाणण्याचं वर्णन आणि 1966मध्ये टोळीतल्याच काही जणांनी त्याला बेदम मारल्याची हकीकत ही दोन्ही शेवटाला आहेत. पहिल्यातलं गद्य मोठ्याने वाचा. लहान लहान उपवाक्यं एकमेकांवर चढत जातात, वाक्याचा वेग गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. पंचविशीच्या आत असताना त्याने फिट्झजेराल्ड आणि हेमिंग्वे यांची पानंच्या पानं टाइपरायटरवर उतरवून काढली होती, ताल बोटांत मुरावा म्हणून. तो ताल इथे ऐकू येतो.

सगळे गाळतात तो लेख

‘स्ट्रेंज रंबलिंग्ज इन अझ्टलान’, ‘रोलिंग स्टोन’, 29 एप्रिल 1971. चाळीसच्या आसपास पानं. यात विनोद कमी आहे, नशा त्याहून कमी, म्हणून लोक पुढे सरकतात. पण व्हेगासचं कुलूप याच किल्लीने उघडतं.

29 ऑगस्ट 1970. पूर्व लॉस एंजलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला, पोलिसांशी चकमक झाली आणि दंगल पेटली. रुबेन सालाझार हे ‘लॉस एंजलिस टाइम्स’चे स्तंभलेखक आणि केएमईएक्स या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक त्या दुपारी सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसले होते. शेरिफच्या एका शिपायाने दारातून अश्रुधुराचं नळकांडं आत डागलं, ते डोक्याला लागून सालाझार जागीच गेले. पोलिसांच्या वागणुकीवर सातत्याने लिहिणारा पत्रकार पोलिसांच्याच हातून मेला.

वाचताना एका कागदावर पोलिसांनी दिलेली निवेदनं क्रमाने लिहीत जा. प्रत्येक नव्या निवेदनात आधीचं कुठे बदललं ते शेजारी नोंदवा. थॉम्पसननेही तेच केलंय. वकील ऑस्कर अकोस्टा हा त्याचा जवळचा मित्र या चळवळीत खोल गुंतलेला होता, आणि चळवळीतल्या बऱ्याच जणांची खात्री होती की हा ठरवून केलेला खून आहे. थॉम्पसनचा निष्कर्ष तसा नाही. बेदरकार, क्रूर मूर्खपणा, आणि तो झाकायला एकावर एक रचलेलं खोटं, असं तो म्हणतो. मित्रांना न आवडणारा निष्कर्ष लिहायला लागणारी हिंमत या लेखात आहे. ‘तो काय, काहीही लिहायचा’ असं म्हणणाऱ्याला हा लेख द्यावा.

आता दुवा. हा लेख लिहिताना अकोस्टाशी मोकळेपणाने बोलता येईना, कारण त्याच्याभोवती कायम कार्यकर्त्यांचा गराडा असे आणि त्यांना गोऱ्या बातमीदाराचा भरवसा नव्हता. तेव्हाच ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’कडून एक काम आलं: व्हेगासजवळच्या वाळवंटात मिंट 400 ही मोटरसायकलची शर्यत आहे, छायाचित्रांसाठी अडीचशे शब्दांचा मजकूर हवा. 1971च्या मार्चमध्ये दोघे त्या निमित्ताने लॉस एंजलिसमधून बाहेर पडले. व्हेगासच्या पुस्तकातली ती लाल उघडी गाडी रस्त्याला लागते ती अशी, एका मेलेल्या पत्रकाराविषयी बोलायला निवांत जागा हवी म्हणून.

आता व्हेगास

आधी वेष्टनासाठी लिहिलेला मजकूर वाचा. काय करायचं होतं आणि ते कुठे फसलं हे त्याने त्यात स्वतःच मांडलंय: जाड वही घ्यायची, घडेल ते घडेल तसं टिपायचं आणि संपादन न करता छापायला द्यायचं. ते जमलं नाही आणि पुस्तक कल्पनेकडे वळलं, म्हणून तो या पुस्तकाला गॉन्झो पत्रकारितेचा फसलेला प्रयोग म्हणतो. एवढं माहीत असलं की ‘हे खरं घडलं का?’ या प्रश्नात अडकून पडायला होत नाही.

पुस्तकात दोन वेगळ्या फेऱ्या एकत्र शिवल्या आहेत. पहिला भाग मार्चमधल्या शर्यतीचा. दुसरा एप्रिलचा, सरकारी वकिलांच्या अमली पदार्थांवरच्या परिषदेचा. ‘रोलिंग स्टोन’मध्ये हे नोव्हेंबर 1971च्या दोन अंकांत राऊल ड्यूक या नावाने आलं, पुस्तक 1972ला. दुसरा भाग मंद वाटतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण परिषदेची पानं सावकाश वाचा. ज्या जगाबद्दल काडीचीही माहिती नाही त्यावर व्यासपीठावरून अधिकाराने बोलणारी माणसं तिथे आहेत, आणि ‘हेल्स एंजल्स’मधला लिंच अहवाल आठवल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या भागाचं आठवं प्रकरण हे या पुस्तकाचं काळीज. साठीच्या दशकाच्या मध्यावरचं सॅन फ्रान्सिस्को, आपण जिंकतोय ही सगळ्यांच्या अंगात भिनलेली खात्री, आणि पाच वर्षांनी व्हेगासच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहिलं तर लाट फुटून मागे फिरली ती खूण दिसावी, असं ते वर्णन आहे. ते दीडेक पान सुटं काढून लोक सतत उद्धृत करतात. सुटं वाचू नका. त्याआधीच्या सात प्रकरणांचा गोंगाट कानात असेल तरच ती शांतता कळते. आणि वाचण्याआधी या तारखा एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा: 1967 सॅन फ्रान्सिस्कोतला हिप्पींचा उन्हाळा, 1968 शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेरचा लाठीमार आणि निक्सनचा विजय, 1969च्या डिसेंबरात ऑल्टमाँटच्या मैफलीत झालेला खून, 1970 केंट स्टेट आणि सालाझार. तो शोक कशाचा आहे ते या चिठ्ठीवरून उलगडतं.

पुस्तकात अकोस्टाला सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचा, म्हटलंय. अकोस्टाला त्याचा राग आला तो ओळख पटेल म्हणून नव्हे, तर आपली चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, ओळख पुसली म्हणून. मलपृष्ठावर आपलं नाव आणि छायाचित्र हवं, हा त्याचा आग्रह त्यातूनच आला. त्याची बाजू त्याच्याच शब्दांत हवी असेल तर ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ ब्राउन बफेलो’ आणि ‘द रिव्होल्ट ऑफ द कॉक्रोच पीपल’ ही त्याची दोन पुस्तकं आहेत. दुसऱ्यात सालाझार आणि थॉम्पसन हे दोघेही बदललेल्या नावांनी भेटतात. 1974मध्ये अकोस्टा मेक्सिकोत बेपत्ता झाला, पुन्हा दिसला नाही.

1972ची निवडणूक

‘फिअर अँड लोदिंग: ऑन द कॅम्पेन ट्रेल ’72’ हे जवळपास पाचशे पानांचं पुस्तक अर्ध्यात सोडणारे पुष्कळ आहेत, आणि कारण एकच: नावं. उमेदवारच डझनभर, शिवाय त्यांचे सल्लागार आणि वार्ताहर. सुरुवातीलाच चार नावं पक्की करा. निक्सन हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष. डेमोक्रॅटिक पक्षात एडमंड मस्की सुरुवातीचे आघाडीवीर, ह्यूबर्ट हम्फ्री जुन्या यंत्रणेचे आणि जॉर्ज मॅकगव्हर्न युद्धविरोधी. थॉम्पसन मॅकगव्हर्नच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. बाकीची नावं विसरलात तरी चालतं.

प्रकरणांना महिन्यांची नावं आहेत, म्हणून दर बैठकीला एक महिना वाचावा. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान, एवढं समजलं की जूनपर्यंत अडचण येत नाही. अडतं ते जुलैत, मायामी बीचच्या अधिवेशनात. कॅलिफोर्नियाच्या 271पैकी 151 प्रतिनिधींचा वाद होता आणि तो जिंकता यावा म्हणून मॅकगव्हर्नच्या माणसांनी साउथ कॅरोलायनाचं एक मतदान मुद्दाम हरू दिलं. टीव्हीवरच्या अनेकांना तो खरा पराभव वाटला. थॉम्पसनने तो डाव ज्यांनी खेळला त्यांनाच गाठून समजून घेतलाय. ही पानं रुक्ष आहेत, पण एकदा बसून वाचा. इतक्या बारकाईने हे त्या वेळी फार थोड्यांनी लिहिलं. ज्यांना हिशेब नकोच, त्यांनी थेट उपाध्यक्षपदाचे उमेदवार ईगल्टन यांच्या प्रकरणाकडे जावं. मॅकगव्हर्न तिथून घसरले. नोव्हेंबरात निक्सनने 49 राज्यं जिंकली.

टिमथी क्राउसचं ‘द बॉइज ऑन द बस’ शेजारी ठेवता आलं तर फार चांगलं. तीच मोहीम, पण निरीक्षण वार्ताहरांचं. थॉम्पसनही त्यात एक पात्र म्हणून येतो.

खरं आणि रचलेलं वेगळं करायला इथेच शिकावं लागतं. मस्कींवर आयबोगेन नावाच्या औषधाचे उपचार चालल्याची कुजबुज त्याने छापली, आणि काहींनी ती खरी मानली. नंतर तो म्हणाला की अफवा होती हे खरं, ती आपणच उठवली. अशा जागा ओळखायची एक रीत आहे. जिथे तारीख, ठिकाण, पूर्ण नाव आणि आकडा आहे, तिथे तो सहसा खरा बातमीदार असतो. वाक्य लांबत गेलं, माणसांच्या जागी जनावरं आली, किंवा ‘असं ऐकलं’ ने सुरुवात झाली, की कल्पनेने सूत्रं हाती घेतली समजा. पहिल्या शंभर पानांत समासात दोन वेगळ्या खुणा करत गेलात की पुढे खुणांची गरज उरत नाही. तरीही जिवंत माणसाच्या नावावर खोटं औषध चिकटवणं हा विनोद म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे स्पष्ट म्हणावं.

इंग्रजीचा त्रास होईल तो अमेरिकन फुटबॉलच्या उपमांचा आणि बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या प्रतिमांचा. औषधांच्या नावांसाठी कोश उघडत बसू नका, त्यांचा ताल पुरे. अडलं की ते पान मोठ्याने वाचायचं.

पत्रं, आणि नंतरसाठी ठेवायचं

तो तरुणपणापासूनच आपल्या पत्रांच्या कार्बन प्रती जपून ठेवत असे. डग्लस ब्रिंकली यांनी संपादित केलेले दोन खंड आहेत: ‘द प्राउड हायवे’ 1955 ते 1967 आणि ‘फिअर अँड लोदिंग इन अमेरिका’ 1968 ते 1976. सलग वाचायची ही पुस्तकं नव्हेत. ‘हेल्स एंजल्स’ वाचताना पहिल्या खंडातली 1965–66ची पत्रं काढा. भाडं थकलंय, संपादकांकडे पैशांचा तगादा चाललाय, आणि त्याच टेबलावर ते पुस्तक तयार होतंय.

‘द रम डायरी’ ही साठच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेली आणि 1998ला छापलेली कादंबरी मागाहून वाचली तरी चालेल. ‘द कर्स ऑफ लोनो’ स्टेडमनच्या चित्रांसाठी बघा. ऐंशीच्या दशकातल्या स्तंभांचं ‘जनरेशन ऑफ स्वाइन’ पाच-सहा लेखांनंतर एकसुरी होतं, कारण तोवर तो स्वतःच्या प्रतिमेला जागायला लागला होता.

उतरणीच्या काळातल्या दोन छोट्या लेखांना मात्र हा नियम लागू नाही. निक्सनच्या मृत्यूनंतर ‘रोलिंग स्टोन’मध्ये जून 1994ला आलेला ‘ही वॉज अ क्रूक’ हा मृत्युलेख 1972चं पुस्तक संपवल्याबरोबर, त्याच आठवड्यात वाचा. बावीस वर्षांचं वैर त्यात एका दमात येतं, आणि मधे खंड पडला तर त्याची धार जाणवत नाही. दुसरा लेख ईएसपीएनच्या संकेतस्थळासाठी 12 सप्टेंबर 2001ला लिहिलेला. क्रीडास्तंभाच्या जागेत, हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आता अज्ञात शत्रूविरुद्धचं लांबलचक युद्ध सुरू होणार असं तो लिहून गेलाय. दोनेक पानांचा आहे. वाचताना वरची तारीख झाकू नका.